रिकाम्या खोलीचा आवाज

"पाय सांभाळून. पायरी आहे."

आईचा आवाज ताईच्या कानात राहिला आहे तो असा. हळू, जरासा घोगरा, अंधारातून आलेला. आई थिएटरात बॅटरी दाखवायच्या कामाला होती. सिनेमा सुरू झाल्यावर धापा टाकत येणाऱ्यांची तिकिटं बघायची आणि त्यांना त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं. बॅटरीच्या काचेवर ती दोन बोटं आडवी धरायची. बोटांमधून उजेड झिरपायचा, तांबूस, पावलापुरता. बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची नाही, हा तिचा नेम. नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला ती एवढंच शिकवायची. "खाली धर गं. कुणी रडत असतं, कुणी आणखी काय करत असतं. आपल्याला काय करायचंय?"

शाळा सुटली की दोन्ही पोरं भिंतीकडेच्या पायऱ्यांवर येऊन बसत. धाकट्याला ती बोक्या म्हणायची, कारण तो दाराच्या फटीतून कधी आत शिरला हे दारावरच्या माणसालाही कळायचं नाही. त्या पायऱ्यांवरून पडदा तिरका दिसायचा, आणि पडद्यावरची माणसं लांबुडकी, ओढून ताणल्यासारखी. पुढे मोठेपणी ताई पहिल्यांदा मधल्या रांगेत बसली तेव्हा तिला सगळे चेहरे वाटोळे दिसले आणि उगीचच फसवल्यासारखं वाटलं.

आईने मात्र एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नाही. उशिरा येणाऱ्यांची सोय लावता लावता तिच्या वाट्याला मधलंच काहीतरी यायचं. कुणी रडतंय, कुणी दार आपटून चाललंय. कशापायी, ते कळायचं नाही. घरी जाताना वाटेत ती विचारायची, "ती बाई रडत का होती रे?" ताई पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगायची. बोक्या आपल्या मनचं जोडून द्यायचा. त्याच्या गोष्टीत त्या बाईला एक हरवलेली बहीण असायची, आणि ती बहीण नेमकी समोरच्या खिडकीत उभी असायची. आई हसून हसून बेजार व्हायची. "तुझं बरं आहे रे बोक्या," ती डोळे पुसत म्हणायची. मग थोडं चालून गेल्यावर, हळूच, "पण ताई, खरं काय होतं गं?"

खेळ संपला, माणसं गेली, की खुर्च्यांखालची टरफलं झाडताना ती गुणगुणायची.

हाती बत्ती माझ्या, वाट दाविते लोकांला,
माझी गं खुर्ची कोणती, कोणी दाविना मला.

त्या ओळी तिच्या स्वतःच्या की कुणाकडून ऐकलेल्या, हे कुणी विचारलं नाही. आता विचारायला आई नाही.

बोक्या मोठा झाला आणि सिनेमे करू लागला. ताई संकलक झाली. तो चित्रं गोळा करून आणायचा, ती कापायची आणि जोडायची. त्याच्या प्रत्येक सिनेमाला तिचा हात लागला होता. आणि आताचा हा सिनेमा आईवरचा होता.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा बोक्याने खोलीच्या कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा लावून दिला होता. "दुपारी खिडकीतून उजेड फार सुंदर येतो ताई. तू फक्त चालू ठेव. बाकी काही करू नकोस." आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ठेव बाबा, तुझं काय ते ठेव." मग तो कामाला निघून गेला. औषधं, भांडी, चादरी, कूस बदलणं, सगळं ताईने केलं, आणि दुपारी आठवणीने कॅमेरा चालू केला. कॅमेरा चालू झाला की आई कधीकधी चादरीचं टोक तोंडावर ओढून घ्यायची. ताईला वाटायचं, उजेड डोळ्यांवर येत असेल. ती पडदा थोडा सारायची.

आज आवाज जुळवायचं शेवटचं काम होतं. स्टुडिओतल्या या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड, पायाखाली जाड सतरंजी, समोर मोठा पडदा, आणि मध्ये ते लांबलचक टेबल, बटणांनी गच्च भरलेलं. टेबलापाशी कानसेन बसला होता. आवाजाचं काम करणारा हा माणूस अंगाने आडवातिडवा, पण कान मांजराचे. म्हणून त्याला सगळे कानसेनच म्हणायचे. त्याच्या मागे सोफ्यावर बोक्या पाय दुमडून बसला होता, तसाच, पायऱ्यांवर बसायचा तसा. केस मात्र पांढरे झाले होते.

"घ्या, आईंचा दाराचा शॉट आला," कानसेन म्हणाला. "दिग्दर्शक महाराज, रुमाल काढा."

"तू तुझं काम कर रे," बोक्या म्हणाला. पण त्याने रुमाल खरोखरच काढला होता.

पडद्यावर आई होती. उशीवर मान कलती, केस विस्कटलेले. ती डोळे उघडते आणि दाराकडे बघते. नुसतं बघणं नव्हे, सगळा जीव त्या नजरेत गोळा झालेला. मग दार दिसतं. दार उघडतं. बोक्या आत येतो. मग पुन्हा आई, आणि तिच्या ओठांवर हसू.

बोक्या मान खाली घालून नाक पुसत राहिला.

ताईने हे चार तुकडे स्वतःच्या हाताने जोडले होते आणि त्यांचं मूळ फक्त तिला ठाऊक होतं. ते हसू दुसऱ्याच दिवसाचं. कपडे बदलताना ताईने स्वतःचाच कुडता उलटा घातला होता, त्याला आई हसली होती. दार उघडून आत येणारा बोक्या आई गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी चित्रित केलेला. त्याने स्वतःच कॅमेरा लावला, स्वतःच बाहेर गेला, आणि दार ढकलून आत आला. त्या दिवशी त्याला ते पुन्हापुन्हा करावं लागलं होतं, कारण आत आल्यावर तो रिकाम्या पलंगाकडे बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. "चेहरा नको पाडूस," ताई कॅमेऱ्यामागून म्हणाली होती. "आई आहे असं समज."

माणसाचा चेहरा दाखवायचा, आणि त्याच्यापुढे तो कशाकडे बघतोय ते दाखवायचं. एवढ्यावर हा सगळा धंदा चालतो. चेहरा तोच, पुढे ताट ठेवलं तर तो भुकेला दिसतो, पुढे तिरडी ठेवली तर दुःखी. बघणाऱ्याचं मनच मधली फट भरून काढतं. हे ताईने किती नवशिक्यांना हसत हसत शिकवलं होतं. आईच्या चेहऱ्यापुढे मुलगा ठेवला, आणि आई त्याची वाट बघत होती असं झालं. इतकं झालं, की काही वेळा ताईलाही ते खरं वाटायचं.

खरं होतं ते वेगळं. त्या दुपारी बोक्या आला होता. कळवून नव्हे, कामाच्या मधून वाट वाकडी करून. त्याने आपल्या किल्लीने बाहेरचं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "ताई? आई जागी आहे का गं?" कॅमेरा चालू होता. आईने डोळे उघडले, आणि ती दाराकडे बघू लागली. ताई उठली, मध्ये आली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "झोपलीय रे. आत्ताच डोळा लागलाय." बोक्या बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बसला. पाणी प्यायला, घड्याळ बघितलं, "उद्या येतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई गेली.

तेव्हापासून बोक्याच्या तोंडी एकच गोष्ट. जेवताना, गाडीत, कधी फोनवर मध्येच. "तासभर थांबलो असतो ना ताई, तर उठली असती." ताई दर वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. एकदा नुसतं म्हणाली, "तुला काम होतं." त्यावर तो इतका रडला, की पुन्हा तिने तेवढंही म्हटलं नाही.

हा सिनेमा म्हणजे त्याने थांबलेला तो तास होता. ताईने हे ओळखलं होतं, म्हणून ती जोडत गेली. खरं तर तो दाराकडे बघतानाचा शॉट तिने टाकून द्यायला बाजूला काढला होता. हात धजावला नाही, आणि तो तसाच मशीनवर उघडा राहिला. बोक्याने मागून येऊन पाहिला. "हाच! ताई, हाच! बघ, कशी वाट बघतेय. याचा आवाज?" ताई म्हणाली, "आवाज नाही. माईकची वायर निघाली होती."

"एक मिनिट," कानसेन म्हणाला. त्याने चित्र मागे नेलं, पुन्हा चालवलं, पुन्हा मागे नेलं. आई डोळे उघडायची, दाराकडे बघायची, मिटायची, उघडायची, बघायची. ताईने नजर टेबलावरच्या बटणांवर ठेवली.

"ताई, हे पलंगाच्या पायथ्याशी काय आहे? हिरवा दिवा लुकलुकतोय ते?"

"ऑक्सिजनचं यंत्र."

"चालू आहे ना?"

"हो."

"मग त्याचा आवाज कुठाय?"

ताईने पडद्यावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

कानसेन खुर्ची फिरवून तिच्याकडे बघत होता, चिडून नव्हे, नवल वाटून. "ही यंत्रं केवढी घुरघुरतात. माझ्या सासऱ्यांचं होतं, आम्ही टीव्ही ओरडून बघायचो. आणि तुम्ही खाली ही जी शांतता घातलीय ना, ती या खोलीचीच आहे, पण तेव्हाची नाही. या शांततेत यंत्र नाही. माणूसही नाही. ऐका." त्याने आवाज वाढवला. जाड कापडाच्या त्या खोलीत दुसरी एक खोली पसरली. लांबून एखादी गाडी गेली, भिंतीत कुठेतरी पाणी उतरलं, आणि मग नुसतंच काहीतरी, पोकळ, थंड. "ही रिकाम्या खोलीची आहे."

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. म्हणून या कामातली माणसं चित्रीकरण झालं की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची शांतता भरून घेतात. कुठे संवाद कापला, कुठे आवाज खराब निघाला, की त्या भोकावर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं. ताईला त्या शॉटमधून आवाज काढल्यावर ठिगळ हवं होतं. तिने सगळं भरलेलं धुंडाळलं. पण जिथे जिथे खोली गप्प होती, तिथे आईचा श्वास होता. आत ओढलेला, अडलेला, सुटलेला. त्या श्वासाखाली ही नजर ठेवायला तिचा हात होईना. ज्या आवाजाचं तोंड दाबलं, त्याच्यावर त्याच माणसाचा श्वास कसा चिकटवायचा? मग तिला ती दुपार सापडली, बोक्या दारातून पुन्हापुन्हा आत येत होता ती. यंत्र परत देऊन झालं होतं. गादी गुंडाळलेली होती. त्या शांततेत कुणीच नव्हतं. तिने ती घेतली, आणि हिरवा दिवा विसरली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा चुका पकडणारी बाई, डोळ्यांदेखत विसरली.

"यंत्राचा आवाज दुसरीकडून घाल," ताई म्हणाली. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवून. "बाकीच्या शॉटमध्ये आहे की."

"घालतो की. पण मूळचा असेल तर तोच बरा ना? माईकची वायर निघाली तरी कॅमेऱ्याचा आपला एक बारीक माईक असतो. तो कधी बंद नसतो. खरखर असेल, पण मी साफ करून देतो. माझ्या हातात जादू आहे, विचारा महाराजांना." तो हसला, आणि हसता हसता थांबला, कारण कुणीच हसलं नव्हतं.

बोक्या सोफ्यावरून उठून टेबलापाशी आला होता.

"ताई," तो म्हणाला, "आवाज आहे?"

ताईने कानसेनला म्हटलं, "भाऊ, जरा चहा घेऊन ये."

"थर्मास भरलेला..." कानसेन म्हणाला, दोघांकडे एकदा पाहून उठला, आणि भरलेला थर्मास उचलून चहा आणायला गेला. जाड दार त्याच्यामागे मऊपणे लागलं. पडद्यावर आई थांबवलेली होती. डोळे उघडे, दाराकडे. केवढा मोठा केला होता तो चेहरा! पापणीच्या कडेचं पाणी दिसत होतं, ओठांवरची भेग दिसत होती. जिने कधी कुणाच्या तोंडावर उजेड पाडला नाही, तिचं तोंड भिंतीएवढं, अंधारात, सगळ्यांनी बघायला.

"काय आहे त्यात?" बोक्या विचारत होता. "काही बोलली का? शिव्या घातल्या का मला? घातल्या असतील तर घालू दे ना. ऐकव. तिच्या तोंडच्या शिव्या ऐकायला मी..." तो पडद्याकडे वळला, पुन्हा ताईकडे. "वायर निघाली होती म्हणालीस."

"खोटं बोलले."

"का?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांचा बोक्या, हातात चोळामोळा रुमाल. लहानपणी अंधारात पायरी चुकून पडला की असाच उभा राहायचा, रडायचं की नाही हे तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचा.

सांगायचं कसं, हे ती आई गेल्यापासून मनात मांडत आली होती. एक जोड तिच्याकडे तयार होता. तो ती कुणालाही पटवून देऊ शकली असती. आईने कधी कुणाच्या तोंडावर बॅटरी मारली नाही. तिला स्वतःच्या तोंडावर नको होती. तू तिला तशी बघू नयेस, तुझ्या डोळ्यांत ती थिएटरातली आई राहावी, म्हणून तिने... किती छान बसत होतं! चादरीचं टोकसुद्धा जागच्या जागी बसत होतं. बोक्या ऐकून रडला असता, पण ते रडू धुऊन काढणारं असतं. कदाचित ते खरंही असेल. पण आई तसं म्हणाली नव्हती. त्या एका वाक्याच्या शोधात ताईने कॅमेऱ्यात भरलेल्या सगळ्या दुपारी पाहिल्या होत्या. खोकला, पाणी, उशी, ऊन भिंतीवरून सरकताना. त्या एका नजरेचा अर्थ सांगेल असं आधी काही नव्हतं, नंतर काही नव्हतं. नजर होती आणि तीन शब्द होते. मधली फट होती. ती कुणाच्याही मनाने भरून निघाली असती, म्हणूनच ती भरायची ताईला भीती वाटत होती.

आणि आजवर तो पाऊण म्हातारा झालेला मुलगा स्वतःला शाप देत होता, तासभर थांबलो असतो तर म्हणून. थांबला असता तरी दार उघडलं नसतं. हे त्याला ठाऊक नसणं बरं, की असणं? दोन्हीकडे खोल पाणी होतं. ताईला कुठेच पायरी दिसत नव्हती.

तिने पडद्यावरची आई बंद केली. मोठा पडदा करडा झाला. मग ती रिकाम्या खोलीची शांतताही बंद केली, आणि तेव्हा कळलं की इतका वेळ ती चालूच होती.

पण ताई, खरं काय होतं गं?

"आई जागी होती," ताई म्हणाली.

बोक्या हलला नाही.

"त्या दुपारी. तुझी किल्ली वाजली तेव्हाच तिने डोळे उघडले. तू हाक मारलीस, ती तिने ऐकली. तुझा आवाजही आहे त्यात, लांबून, 'आई जागी आहे का गं' म्हणतोस तो. मी उठले, तुला आत बोलवायलाच उठले होते. तिने माझा हात धरला."

"आणि?"

"म्हणाली, 'सांग बोक्याला, झोपलीय.' मी बाहेर येऊन तेच सांगितलं तुला. परत आत गेले तेव्हा डोळे मिटलेले होते. पण ती झोपलेली नव्हती रे. तुझं बाहेरचं दार लागलं तेव्हा तिच्या पापण्या हलल्या."

तो खाली बसला. सोफा मागे होता, तिथवर तो गेलाच नाही. सतरंजीवरच बसला, टेबलाच्या पायाला टेकून.

"का?" त्याने विचारलं. मग पुन्हा, लहान मुलाच्या आवाजात, "का पण, ताई?"

तो जोड तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी सगळं पाहिलं रे, सुरुवातीपासून. ती कुठेच सांगत नाही."